धर्माची वाढ, धर्माची घट आणि आम्ही सुशिक्षित

आमच्या सुशिक्षित वर्गांत धर्माविषयीं दोन मतें प्रचलित आहेत. आणि गंमत अशी कीं, तीं दोन्ही एकाच घरांत, एकाच दिवाणखान्यांत गुण्यागोविंदानें नांदतात. आषाढीच्या दिवसांत पंढरीच्या गर्दीचें छायाचित्र वर्तमानपत्रांत आलें, कीं घरांतील एक जण म्हणतो, "शिक्षण इतकें वाढलें तरी अज्ञान कांहीं कमी होत नाहीं, पण थांबा, आणखी एक-दोन पिढ्यांनीं हें सारें ओसरेल." तेंच छायाचित्र पाहून दुसरा म्हणतो, "धर्म बुडाला म्हणणारांचे डोळे आतां तरी उघडतील. धर्माचा पुनरुदय होत आहे." पहिल्यास विज्ञानाचा भरंवसा वाटतो, दुसऱ्यास संख्येचा. प्रस्तुत लेखांत मला असें दाखवावयाचें आहे कीं, या दोघांचाहि हिशेब चुकला आहे. कारण दोघेहि भलतीच वस्तु मोजीत आहेत. धर्म युक्तिवादानें मरत नाहीं आणि गर्दीनें जगत नाहीं. जो धर्म माणसाला चार माणसांत उभें राहावयास जागा देतो, त्या जागेबद्दल त्याच्यापाशीं कांहीं मागतो, आणि हें देणें-घेणें पुढच्या पिढीच्या हातीं सोंपविण्याची तजवीज करतो, तो वाढतो. ज्याला यांतलें कांहींच साधत नाहीं तो, त्याचें तत्त्वज्ञान कितीहि निर्दोष असो, खंगत जातो. हें एकदां मान्य केलें म्हणजे आमच्या वर्गाला एक अप्रिय प्रश्न स्वतःस विचारावा लागतो. तो शेवटीं येईलच.

पहिलें मत मुळांत आमचें नव्हे. तें आम्ही इंग्रजी पुस्तकांतून घेतलें. फ्रेंच तत्त्ववेत्ता ऑगस्त कोंत यानें १८३० पासून प्रसिद्ध होत गेलेल्या आपल्या व्याख्यानग्रंथांत मानवी बुद्धीच्या तीन अवस्था सांगितल्या—धार्मिक, तात्त्विक आणि शास्त्रीय—आणि पहिली अवस्था मागें पडणें हा जणूं सृष्टिनियमच ठरविला. मॅक्स वेबरनें १९१७ च्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानांत, आधुनिक मनुष्याच्या जगांतून अद्भुत नाहींसें होत चाललें आहे, हेंच अधिक सावधपणें आणि कांहींशा विषादानें सांगितलें. पुढें समाजशास्त्रांत हा सिद्धांत इतका रूढ झाला, कीं त्याला पुरावा मागणें हेंच अशास्त्रीय ठरूं लागलें. ब्रायन विल्सनचा ग्रंथ १९६६ सालीं निघाला, पीटर बर्गरचा १९६७ सालीं. आणि १९६८ सालीं बर्गरनें एका अमेरिकन वर्तमानपत्रांत भाकित केलें कीं, एकविसाव्या शतकापर्यंत धार्मिक माणसें लहान लहान पंथांच्या आडोशालाच काय तीं उरतील. बाकी सारें जग इहवादी झालेलें असेल. तें शतक दाराशीं आलें तेव्हां त्याच बर्गरनें, १९९९ सालीं स्वतः संपादिलेल्या ग्रंथांत, आपला सिद्धांत चुकला असें लिहून टाकलें. पंडितांच्या इतिहासांत असें प्रांजळपण विरळा. मीहि कित्येक वर्षें विद्यार्थ्यांना तो सिद्धांत बिनदिक्कत शिकवीत होतों. म्हणून येथें जी टीका मी करीत आहें तिचा पहिला आरोपी मीच आहें.

तथापि हा सिद्धांत सर्वस्वी निराधार असता तर इतकीं वर्षें टिकला नसता. इंग्लंड आणि वेल्स यांच्या जनगणनेचे आंकडे पाहावे. २००१ सालीं स्वतःस ख्रिस्ती म्हणविणारे शेंकडा सुमारें ७२ होते; ते २०११ सालीं ५९ आणि २०२१ सालीं ४६ राहिले. 'कोणताहि धर्म नाहीं' असें लिहिणारे याच वीस वर्षांत शेंकडा १५ वरून ३७ वर गेले. एवढी उतरण लागली असतां धर्म घटत नाहीं असें म्हणणें म्हणजे डोळ्यांवर कातडें ओढून घेणें होय. तेव्हां प्रश्न धर्म घटला कीं नाहीं हा नसून, तो कशानें घटला हा आहे.

आमचा पहिला मतवादी लगेच उत्तर देईल: विज्ञानानें, डार्विननें. पण सनावळी या उत्तराच्या आड येते. इंग्लंड-वेल्समध्यें ३० मार्च १८५१ रोजीं, रविवारीं, प्रार्थनामंदिरांतील उपस्थितीची एक स्वतंत्र गणना झाली. तिचा अहवाल लिहिणाऱ्या होरेस मान यानें हिशेब केला कीं, ज्यांना जातां आलें असतें असे बावन्न लाखांवर लोक त्या दिवशीं उपासनेला गेले नाहींत. आणि त्यांत मोठा भरणा शहरांतील श्रमजीवी वर्गाचा होता. डार्विनचा ग्रंथ निघाला त्यानंतर आठ वर्षांनीं, १८५९ सालीं. गिरणींतील मजुरानें कोणताहि शास्त्रग्रंथ वाचून चर्च सोडलें नव्हतें. ज्या चर्चच्या आवारांत त्याचे आजे-पणजे पुरले होते तें खेड्यांत मागें राहिलें. शहरांतील चर्चमध्यें भाडें भरून राखलेल्या बांकांवर प्रतिष्ठितांचीं कुटुंबें बसत आणि गरिबांसाठीं वेगळ्या, फुकटच्या जागा असत. जेथें आपल्याला मानाची जागा नाहीं तेथें माणूस वाद घालीत बसत नाहीं; तो जाईनासा होतो.

दुसरी गोष्ट वेल्सची. एकोणिसाव्या शतकांत वेल्समधील गांवें म्हणजे चॅपेलांचीं गांवें होतीं. खाणींत राबणाऱ्या माणसाची भाषा, त्याचें गाणें, त्याचें राजकारण, सारें चॅपेलच्या छपराखालीं वाढलें. १९०४-०५ सालीं तर तेथें धार्मिक उत्साहाची प्रचंड लाट उसळली होती. त्याच वेल्समध्यें २०२१ च्या गणनेंत 'धर्म नाहीं' म्हणणारे शेंकडा ४६.५, म्हणजे ख्रिस्ती म्हणविणारांहूनहि अधिक, निघाले. आणि लंडनमध्यें, जेथें विद्यापीठें, व्यापार, प्रयोगशाळा, आधुनिकतेचीं सगळीं साधनें एकवटलीं आहेत तेथें, हें प्रमाण अवघें २७! आधुनिकतेच्या स्पर्शानें धर्म वितळत असेल तर हा आंकडा उलटा यावयास हवा होता. उलगडा कठीण नाहीं. लंडनमध्यें दूरदूरच्या देशांतून आलेलीं माणसें राहतात—नायजेरियाचीं, घानाचीं, बांगला देशाचीं, गुजराथचीं. परक्या शहरांत चर्च, मशीद किंवा देऊळ हें त्यांचें निवाऱ्याचें ठिकाण असतें. तेथें आपली भाषा बोलतां येते, नोकरीची वार्ता कळते, मुलीचें लग्न जमतें, प्रेताला खांदा मिळतो. उलट वेल्सच्या खाणी बंद पडल्या, तरुण गांव सोडून गेले, घराघरांत इंग्रजीनें वेल्श भाषेची जागा घेतली. चॅपेल जें काम करीत होतें तें आतां करावयाचें कोणासाठीं, हाच प्रश्न उरला.

घटीचें दुसरें कारण घराच्या आंत आहे. डेव्हिड व्होआस आणि अलास्डेअर क्रॉकेट यांनीं २००५ सालीं ब्रिटनमधील पाहण्यांचे आंकडे तपासून असें दाखविलें कीं, आईबाप दोघेहि धार्मिक असले तर त्यांचा धर्म मुलांत उतरण्याचा संभव सुमारें निम्मा. एकच धार्मिक असला तर पाव. आणि दोघेहि नसले तर तो मुलांत सहसा उगवतच नाहीं. म्हणजे बहुतेक ठिकाणीं धर्म प्रौढपणीं वादांत हरून सोडला जात नाहीं. तो लहानपणीं दिलाच जात नाहीं. ग्रेस डेव्ही या विदुषीनें १९९४ सालीं असें समाधान मांडलें होतें कीं, लोक चर्चला जात नसले तरी मनांत श्रद्धा बाळगून आहेत. परंतु ज्या श्रद्धेला जाण्याचें ठिकाण नाहीं, करण्याचें कृत्य नाहीं, ती मुलांना दाखवितां येत नाहीं. आणि जी दाखवितां येत नाहीं ती देतांहि येत नाहीं.

आतां दुसऱ्या मताकडे वळूं. त्यालाहि पश्चिमेकडे मोठे पुरस्कर्ते लाभले आहेत. रॉडनी स्टार्क व रॉजर फिंक यांनीं १९९२ सालीं अमेरिकेचा हिशेब मांडला: स्वातंत्र्याच्या वेळीं, १७७६ सालीं, चर्चशीं संलग्न असलेले लोक शेंकडा १७, १९८० सालीं ६२. म्हणजे यंत्रें, शहरें, शाळा वाढत असतांनाच धर्महि वाढला. त्यांचें म्हणणें असें कीं, धर्म हाहि एक बाजारच होय. सरकारी मक्तेदारी नसली आणि पंथापंथांत चुरस असली म्हणजे तो भरभराटतो. १९९४ सालीं लॉरेन्स आयनाकोनी यानें त्यांत भर घातली कीं, जे पंथ कडक असतात तेच बळावतात. कारण फुकटे त्यांत टिकत नाहींत आणि उरलेल्यांची निष्ठा एकमेकांस बळ देते.

पण बाजाराचाहि हिशेब पुरा पडला नाहीं. प्यू संशोधन केंद्राच्या पाहणीप्रमाणें अमेरिकेंत ख्रिस्ती म्हणविणारे २००७ सालीं शेंकडा ७८ होते, ते २०२३-२४ मध्यें ६२ झाले. कोणत्याहि धर्माचे नसलेले १६ वरून २९ वर गेले. अलीकडच्या कांहीं वर्षांत ही उतरण थबकल्यासारखी दिसते हें खरें. तरी बाजार खुला होता, चुरस होती, आणि गिऱ्हाईक उठून गेलें, ही गोष्ट राहतेच. धर्माला दुकान समजणाऱ्या शास्त्राला हें कोडें उलगडत नाहीं. कारण दुकान माल देतें, पण माणसाला नांव देत नाहीं, सोयरे देत नाहीं. तथापि आयनाकोनीचा एक कण आपण उचलून ठेवूं: जो धर्म कांहींच मागत नाहीं त्याला कोणी कांहीं देत नाहीं. हा कण हातांत घेऊन आपल्या घरच्या इतिहासाकडे पाहूं.

महाराष्ट्रांत गेल्या दोनशें वर्षांत धर्माची नवी मांडणी करण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांतील दोन समोरासमोर ठेवण्यासारखे आहेत. १८४९ च्या सुमारास मुंबईंत परमहंस सभा निघाली. जातिभेद मोडणें हा तिचा उद्देश. परंतु सभासद एकमेकांच्या हातचें खात तें दारें लावून. १८६० च्या सुमारास सभासदांचीं नांवें बाहेर फुटलीं आणि सभा विरघळून गेली. तिच्याच पठडींतल्या मंडळींनीं, डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकारानें, ३१ मार्च १८६७ रोजीं प्रार्थनासमाज स्थापिला. न्यायमूर्ति रानडे, डॉ. भांडारकर, चंदावरकर—एवढ्या बुद्धीचा आणि एवढ्या शुद्ध चारित्र्याचा मेळा महाराष्ट्रांत एका छताखालीं क्वचितच जमला असेल. एकेश्वरी मत, मूर्तिपूजेचा अव्हेर, संतांच्या अभंगांचा आधार. रात्रीच्या शाळा, पंढरपूरचें अनाथालय, सुबोधपत्रिका. आमच्या पहिल्या मतवाद्याच्या दृष्टीनें आधुनिक माणसाला शोभणारा हाच धर्म: ना चमत्कार, ना भिक्षुकी, ना भोळसटपणा. तो वाढावयास हवा होता. आज दीडशें वर्षांनंतर गिरगांवांत त्याचें मंदिर उभें आहे, त्या भागाला त्याचें नांवहि पडलें आहे. अनुयायी मात्र मूठभर.

कां वाढला नाहीं? समाजानें सभासदापाशीं मागितलें फार थोडें. घरांतील जुने विधि चालूं ठेवण्यास व जातींत राहण्यास त्याची आडकाठी नव्हती. रविवारीं उपासना करून आलेला गृहस्थ सोमवारीं जातीच्या पंक्तीला बसूं शके आणि मुलीचें लग्न जुन्याच विधीनें जुन्याच जातींत लावूं शके. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें घेतलेल्या चहाबद्दल पुढें स्वतः रानड्यांनीं प्रायश्चित्त घेतलें. त्यामागें इष्टमित्रांचा व त्यांच्या घरच्यांचा छळ थांबावा असा कोमल हेतु होता, आणि त्या थोर पुरुषास दूषण देण्याची माझी पात्रता नाहीं. पण त्या प्रसंगीं दिसून आलें तें हेंच कीं, जेवावयास, सोयरीक जोडावयास, प्रेत उचलावयास जीं माणसें लागतात तीं जात पुरवीत होती, समाज नव्हे. विठ्ठल रामजी शिंदे यांनीं ही उणीव ओळखली. ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजांत धर्मांचा तुलनात्मक अभ्यास करून परतल्यावर त्यांनीं १९०६ सालीं अस्पृश्यवर्गासाठीं मिशन काढलें. परंतु समाजाचा गाभा सुशिक्षित कुटुंबांपलीकडे सरकला नाहीं.

याच्याशेजारीं नागपूरचा १४ ऑक्टोबर १९५६ हा दिवस ठेवावा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं येवल्यास हिंदु धर्म सोडण्याचा निर्धार जाहीर केला होता; एकवीस वर्षें विचार करून त्यांनीं लक्षावधि अनुयायांसह बुद्धाचा धम्म स्वीकारला. अनुयायांस त्यांनीं बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या सोप्या नाहींत: जुन्या देवतांची पूजा सोडावयाची, श्राद्धपक्ष सोडावयाचा, ब्राह्मणाकरवीं विधि करावयाचा नाहीं, मद्य वर्ज्य करावयाचें, सारीं माणसें समान मानावयाचीं. पुढें आठ आठवडेहि लोटले नाहींत तोंच, ६ डिसेंबर १९५६ रोजीं, त्यांचें देहावसान झालें. त्यांचा धम्मावरील ग्रंथहि १९५७ सालीं, त्यांच्या पश्चात्, निघाला. बाजाराच्या हिशेबानें ही पेढी बुडावयाची. परंतु आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशांत १९५१ सालीं जे बौद्ध सुमारें अडीच हजार होते, ते १९६१ सालीं सुमारें २८ लक्ष झाले, आणि २०११ सालीं ६५ लक्ष.

हें लाभासाठीं झालें असें म्हणणारांनीं कायद्याचीं पुस्तकें चाळावीं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातींना ज्या सवलती मिळाल्या, त्यांत बौद्धांस स्थान मिळावयास १९९० साल उजाडलें. महाराष्ट्र सरकारनें आपल्यापुरत्या कांहीं सवलती दिल्या; पण केंद्राच्या बाबतींत चौतीस वर्षें स्वतःस बौद्ध लिहिणें म्हणजे हातच्या लाभावर पाणी सोडणें होतें. तरीहि लाखों माणसांनीं तें लिहिलें. आणि शिक्षणानें धर्म ओसरतो म्हणावें, तर २००१ च्या गणनेंत साक्षरतेचें प्रमाण सर्व देशांत शेंकडा ६५ असतां बौद्धांत तें ७३ होतें. त्यांच्या घरांत मुलाची पाटी आणि बुद्धाची तसबीर बरोबरच आली.

येथें आमच्या वर्गांतला हुकमी आक्षेप येतो: "हें धर्मांतर नव्हे, सामाजिक बंड आहे, यांत अध्यात्म कोठें आहे?" धर्म म्हणजे एकेकट्याच्या डोक्यांतील मत, ही व्याख्या प्रॉटेस्टंट पंडितांची, आम्ही ती न तपासतां उसनी घेतली. एमील दुर्खीमनें १९१२ सालींच सांगितलें आहे कीं, पवित्र वस्तूंविषयींच्या श्रद्धा व आचार माणसांना एका नैतिक समुदायांत बांधतात तेव्हां त्यास धर्म म्हणावें. ज्याला विहिरीवर, देवळांत, शाळेंत बाहेर उभें केलें जात होतें त्याला नवें नांव, नवा लग्नविधि, नवा सण आणि नवें तीर्थ मिळालें. याला धर्म म्हणावयाचें नसेल तर तो शब्द कशासाठीं राखून ठेवावयाचा?

वारकरी पंथासहि हेंच माप लावावें. माळ घातली कीं मद्यमांस सुटलें, एकादशी आली, वारी चुकवितां येत नाहीं. सातशें वर्षें हा पंथ टिकला त्याचें रहस्य या मागण्यांत आहे, गर्दीच्या छायाचित्रांत नाहीं. आणि त्याची मर्यादाहि याच मापानें दिसते. पंढरीच्या देवळाचीं दारें अस्पृश्यांस उघडलीं तीं १९४७ सालीं, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. चोखोबांचे अभंग गाणाऱ्या धर्मानें चोखोबांच्या भाऊबंदांस आंत घेण्यास इतका उशीर लावला, कीं पुढच्या नऊच वर्षांत लाखों माणसांनीं दुसरें घर पाहिलें.

मी येथें कोणत्याहि एका समाजाचें स्तोत्र गात नाहीं. महाराष्ट्राच्या लोकसंख्येंत बौद्धांचें प्रमाण २००१ सालीं शेंकडा ६ होतें, तें २०११ सालीं ५.८ झालें. एवढ्यावरून मोठें अनुमान काढूं नये. परंतु पहिल्या पिढीचा त्याग तिसऱ्या पिढीला आपोआप मिळत नाहीं, हा नियम कोणालाच माफ नाहीं. आणि आम्हांला तर मुळींच नाहीं.

आतां तो अप्रिय प्रश्न. आमच्यांतील कित्येक घरांत आजोबांची रोजची संध्या वडिलांच्या वेळीं सणावारीं उरली, आमच्या वेळीं मुंजीपुरती राहिली आणि मुलांना तिचें नांवहि ठाऊक नाहीं. इतरांच्या घरीं कुळाचाराची तीच कथा. या आमच्या घरच्या आळसाला आम्ही 'आधुनिक समाजांतील धर्माचा ऱ्हास' असें भारदस्त नांव देतों. पण ऱ्हास झाला कशाचा? इंग्लंडमध्यें चर्च सुटलें तेव्हां चर्चच्या भेदावर उभी असलेली सोयरीकहि सुटली. वर अँग्लिकन कीं मेथडिस्ट, हें तेथें आतां सहसा कोणी विचारीत नाहीं. आमच्याकडे उपासना सुटली, सोयरीक सुटली नाहीं. २०११-१२ च्या भारतीय मानवविकास सर्वेक्षणांत आंतरजातीय विवाहांचें प्रमाण शेंकडा पांच-सहाच्याच घरांत आढळलें. नास्तिक म्हणविणाऱ्या बापाच्या मुलीचें नांव वधूवरसूचक मंडळांत पोटजातीच्याच रकान्यांत लिहिलें जातें. धर्मांतील जें अवघड तें आम्ही टाकलें आणि जें अन्यायाचें तें जपून ठेवलें. प्रार्थनासमाजाच्या धुरीणांना जें साधलें नाहीं तें आम्हांलाहि साधलें नाहीं. फरक एवढाच कीं, त्यांना त्याची खंत होती.

याचा परिणाम आमच्या मुलांना भोगावा लागतो. घरांत त्यांना श्रद्धा मिळत नाहीं आणि अश्रद्धेचीं कारणेंहि मिळत नाहींत. मिळतें तें आडनांव आणि सणाचें गोडधोड. मग उभें राहावयास जागा हवी म्हणून तीं चौकांतल्या ध्वनिक्षेपकाकडे वळतात, आणि तेथें फार कांहीं न मागतां त्यांच्या हातांत एखादा झेंडा दिला जातो. दुसरा मतवादी यालाच पुनरुदय म्हणतो. त्यांतला बराच भाग आमच्या पोकळ वारशाचा आहे.

यावर धर्माकडे परत चला असें सांगण्यासाठीं मी हा लेख लिहिला नाहीं. ज्याची श्रद्धा असेल त्यानें ती आचरावी, मुलांस दाखवावी आणि तिचें दार सर्वांस उघडें ठेवावें. ज्याची नसेल त्यानें अश्रद्धाहि तितक्याच निष्ठेनें आचरावी: सोयरीक जातीबाहेर करण्याची तयारी ठेवावी, १८७३ सालीं निघालेल्या सत्यशोधक समाजानें दाखविल्याप्रमाणें पुरोहितावांचून लग्नें लावावीं, आणि आपण हें कां करतों तें मुलांस समजावून द्यावें. दोन्ही मार्ग महाग आहेत. आम्ही चालतों तो तिसरा मार्ग स्वस्त आहे; आणि स्वस्त मार्गावरचें प्रत्येक देऊळ ओस पडत आलें, हें वर पाहिलेंच.

आषाढीचें छायाचित्र पुढच्या वर्षीं पुन्हा येईल. धर्म वाढला कीं घटला या वादांत पडण्यापूर्वीं घरांतील मुलाला एवढेंच विचारून पाहावें: आपण काय मानतों, आणि त्यासाठीं आपण काय सोडलें आहे? त्याला उत्तर देतां आलें नाहीं, तर दोष त्याचा नव्हे.